दमा ‘मनाचा’ असतो म्हणे!

"अगं, सगळं मनावर असतं. फार विचार करू नकोस, धाप आपोआप कमी होईल."

ज्याला दमा आहे आणि ज्याला नातेवाईक आहेत, त्याने हे वाक्य ऐकलेलं असतंच. लग्नाच्या मांडवात, बारशाला, एसटीच्या रांगेत, अगदी दवाखान्याच्या बाकावरसुद्धा. बोलणारा बहुतेक वेळा प्रेमानेच बोलतो, म्हणून उलट उत्तरही देता येत नाही. ते उत्तर आज इथे देते. (आमच्याकडच्या काकू, माम्या, आत्या हे वाचतात याची पूर्ण कल्पना आहे. कुणाला लागलंच तर फोन करा, भांडू. पण आधी शेवटपर्यंत वाचा!)

निमित्त असं की या जुन्या वाक्याला हल्ली विज्ञानाचा सदरा चढलाय. ‘दम्याचं मूळ मज्जातंतूंमध्ये सापडलं’ अशा आशयाचं काहीतरी मोबाइलवर फिरत येतं आणि त्याच्या शेपटाला सल्ला असतो, की मूळ नसांमध्ये आहे म्हणजे मनात आहे, तेव्हा मन शांत ठेवा आणि ते पंप सोडा. पहिला भाग अर्धा खरा आहे. ‘तेव्हा’च्या पुढचं सगळं चूक आहे, आणि जिवावर बेतू शकेल इतकं चूक आहे.

आधी जुना हिशेब. दम्याला ‘मनाचा’ ठरवण्याचा मक्ता काही आपल्या आजीबाईंकडेच नव्हता. विल्यम ऑस्लर हे आधुनिक वैद्यकशास्त्रातलं केवढं मोठं नाव! त्यांच्या १८९२ च्या पाठ्यपुस्तकातही दम्याची गणना ‘न्यूरोटिक’ विकारांत आहे. गंमत म्हणजे बारीक श्वासनलिकांच्या सुजेचा उल्लेखही तिथेच आहे, पण पुढच्यांनी तो सोयीस्कर विसरला. मग मनोविश्लेषणवाले आले. फ्रान्झ अलेक्झांडर यांनी १९५० साली ज्या मोजक्या आजारांना मनोकायिक ठरवलं, त्यांत दमाही होता. दम्याची घरघर म्हणजे आईसाठीचं दाबलेलं रडणं, असंही त्या काळात गंभीर चेहऱ्याने सांगितलं जाई. म्हणजे पोराला श्वास येत नाही आणि बोट आईकडे! आपल्याकडे त्या बोटाची दिशा थोडी बदलते एवढंच. सुनेला धाप लागली तर ‘नाटकं’, मुलीला लागली तर ‘लाडावलीय’, आणि पुरुषाला लागली तर ‘टेन्शन आहे बिचाऱ्याला’. फुप्फुसं सगळ्यांची सारखीच, निदान मात्र नात्याप्रमाणे.

आता मज्जातंतूंचं खरं काय ते बघू. त्यासाठी प्रयोगशाळेत जायला नको, स्वयंपाकघर पुरे.

तव्यावर लाल मिरच्या भाजायला घ्या. दोन मिनिटांत घरभर ठसका. ओटीवर बसलेले आजोबा खोकतात, पाळण्यातलं बाळ शिंकतं, मांजर पळून जातं. आता मला सांगा, त्या बाळाला टेन्शन कसलं होतं? मांजराला सासुरवास होता का?

मिरचीतलं कॅप्सेसिन श्वासनलिकेच्या अस्तरातल्या बारीक संवेदी तंतूंवर जाऊन बसतं. तिथे त्याचं एक कुलूप असतं, त्याला म्हणायचं रिसेप्टर. किल्ली बसली की तंतू पेटतो. हंगेरीच्या संशोधकांनी (तोही मिरचीवाल्यांचाच देश!) १९६० च्या दशकात कॅप्सेसिन वापरून दाखवून दिलं, की हे तंतू नुसती वर्दी देत नाहीत, जागच्या जागी सूजही आणतात. ते कुलूप म्हणजे टीआरपीव्ही१. ते १९९७ साली डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने ओळखलं, आणि २०२१ च्या नोबेलमध्ये ज्युलियस यांच्या वाट्याला जो मान आला, तो याच वाटेवरच्या कामाचा. त्याचंच एक भावंड टीआरपीए१. मोहरी फेसली की नाकात जी झिणझिणी जाते, ती याची करामत. पण हे भावंड धुरातल्या ॲक्रोलीन नावाच्या जहाल रसायनालाही उघडतं, आणि हेही २००६ मध्ये त्याच प्रयोगशाळेतून पुढे आलं. ॲक्रोलीन कुठे असतं? लाकडाच्या धुरात, विडी-सिगारेटच्या धुरात, जळक्या तेलात. चुलीच्या धुराने कोंडणाऱ्या छातीचं हे एक कारण. त्यात ‘नाजूकपणा’ कुठेच नाही.

तंतू पेटला की दोन गोष्टी होतात. एक संदेश वर मेंदूकडे जातो, तिथून प्रतिक्षिप्त क्रियेने खाली परततो, खोकला येतो, नलिकेभोवतीचा स्नायू आवळतो. दुसरी गोष्ट जास्त मजेशीर आहे. तंतूची टोकं तिथल्या तिथे पेप्टाइडं सोडतात, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या माळा. त्यांतली सगळ्यात प्रसिद्ध माळ ‘सबस्टन्स पी’. फॉन ऑयलर आणि गॅडम या जोडीला ती १९३१ साली सापडली. तिच्यात मणी फक्त ११, पण ते नीट ओळीने मोजायला १९७१ उजाडलं! तिची बहीण न्यूरोकायनिन ए, मणी १०. सबस्टन्स पी मुख्यतः एनके१ या रिसेप्टरवर बसते, मग रक्तवाहिन्या पाझरतात, चिकट बेडका वाढतो. न्यूरोकायनिन ए मुख्यतः एनके२ वर बसते, मग स्नायू आवळतो. बेल्जियममधल्या गेंटच्या डॉक्टरांनी १९८७ साली दमेकऱ्यांना न्यूरोकायनिन ए हुंगायला देऊन नलिका आवळताना प्रत्यक्ष मोजल्या.

आता या सगळ्या प्रवासात ‘मन’ कुठल्या स्टेशनात चढलं ते मला दाखवा. धूर, रिसेप्टर, तंतू, पेप्टाइड, दुसरा रिसेप्टर, सूज. यात विचार करायला सवडच नाही. मज्जातंतू म्हणजे मन नव्हे, मंडळी! डोळ्यात कांदा गेला की पाणी येतं तेही मज्जातंतूंमुळेच. त्याला आपण ‘दुःख मनात दाबून ठेवलंस’ म्हणतो का?

दमेकऱ्यात वेगळं काय होतं? मिरचीने आजोबा खोकतात आणि पाच मिनिटांत विसरतात. दमेकऱ्याच्या नलिकेत मुळातच ॲलर्जीची सूज असते. वरचं अस्तर खरवडलेलं, तंतू उघड्यावर. शिवाय ही पेप्टाइडं कापून निकामी करणारी एक कात्री अस्तरात असते, न्यूट्रल एंडोपेप्टिडेज नावाचं विकर. प्राण्यांवरच्या प्रयोगांत असं दिसलं, की सिगारेटचा धूर आणि विषाणूंचा संसर्ग या कात्रीची धार घालवतात. म्हणजे आग लावणारा आणि बंब पळवणारा एकच!

इथे कुणी म्हणेल, मग या रिसेप्टरांना कुलूप ठोकणारी गोळी काढा की. हेच स्वप्न दम्याच्या संशोधकांनीही पाहिलं. पीटर बार्न्स यांनी १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये कल्पना मांडली, की दम्यातली बरीच सूज अशा स्थानिक तंतूंमधून येत असावी. पुढची वीसेक वर्षं कंपन्या एनके१ आणि एनके२ अडवणाऱ्या औषधांमागे होत्या. गिनीपिगांमध्ये छान निकाल आले. माणसांत? न्यूरोकायनिन हुंगवून आणलेला आवळा काही औषधांनी कमी झाला, पण रोजच्या दम्यात सांगण्यासारखा फायदा दिसला नाही. गिनीपिगाच्या श्वासनलिकेत हे तंतू जितके दाट आणि चिडखोर असतात तितके माणसात नसतात, हे त्याचं एक कारण. एनके१ अडवणारं ॲप्रेपिटंट २००३ मध्ये बाजारात आलं खरं, पण केमोथेरपीच्या उलट्यांवर. दम्यावर नाही.

विषय तिथे संपला नाही. व्हीआयपी नावाचं एक पेप्टाइड आहे. (होय, खरंच हेच नाव. आपल्या व्हीआयपींसारखंच, कुठे शिरलं त्यावर वागणं ठरतं.) ते १९७० साली सापडलं. नलिकेच्या स्नायूवर ते चांगलं वागतं, स्नायू सैल करतं. पण २०१५ मध्ये अमेरिकेत क्लिफर्ड वुल्फ यांच्या गटाने उंदरांवर दाखवलं, की ॲलर्जीच्या पेशींमधून येणारं इंटरल्यूकिन-५ या संवेदी तंतूंना चेतवतं, तंतू व्हीआयपी सोडतात, आणि ते प्रतिकारपेशींवरच्या व्हीपॅक२ या रिसेप्टरवर बसून आणखी इंटरल्यूकिन-५ मागवतं. चक्रच! लिग्नोकेनचा भाऊबंद असलेल्या एका द्रव्याने ते तंतू गप्प केले, तर उंदरांची सूज उतरली. पेप्टाइड एकच, कुलूप बदललं की मित्राचा शत्रू. सुंदर विज्ञान आहे, मला वाचताना मजा आली. पण उंदरांचं आहे. त्याच्या भरवशावर माणसाचा पंप सोडायला सांगणं म्हणजे धरणाचा नकाशा बघून हंडा फोडण्यासारखं आहे. मुळशीकरांना हे वेगळं सांगायला नको. धरण उशाला असून नळ कोरडा म्हणजे काय, ते आपल्याला ठाऊक आहे.

मुळशीचा विषय निघालाच आहे, तर ‘मनावर’ असलेला दमा आमच्या तालुक्यात कुठून येतो तेही बघू.

फाल्गुन-चैत्रात राब भाजतात. भाताचं रोप टाकायच्या जागेवर टहाळ, पालापाचोळा, शेण पसरून पेटवायचं. पिढ्यान्‌पिढ्यांची पद्धत, आणि इंद्रायणी-आंबेमोहोर आम्ही चवीने खातो, त्यामुळे शेतकऱ्याला नावं ठेवणाऱ्यांतली मी नाही. पण धूर तो धूर. त्याच दिवसांत डोंगरांना वणवे लागतात, म्हणजे बहुतेक लावले जातात, ‘पुढच्या साली गवत चांगलं येतं’ म्हणून. रात्री ताम्हिणीकडच्या उतारांवर केशरी रेघा दिसतात, लोक फोटो काढतात, आणि खाली वाडीत कुणीतरी उशाला उशी लावून बसल्या-बसल्या रात्र काढत असतं. मग पाऊस. इथला पाऊस तुम्ही शनिवार-रविवारी बघता तो वेगळा, आणि चार महिने भिंतीला ओल, गोधडीला कुबट वास, कपाटामागे बुरशी, तो वेगळा. ओलीत धुळीतले माइट वाढतात, आणि ती ॲलर्जिक दम्याची फार मोठी कारणं. पावसानंतर रस्त्याकडेला काँग्रेस गवत फुलतं. त्याची भारतातली नोंद १९५० च्या दशकात झाली ती आपल्या पुण्यातच! (कशाकशात पुणे पहिलं असावं याला काही मर्यादा?) दुसऱ्या टोकाला हिंजवडी-माण आणि पिरंगुटच्या बाजूला डंपर, सिमेंट, खडी, डिझेल. डिझेलचं म्हणाल तर १९९९ साली एका प्रयोगात निरोगी माणसांना तासभर पातळ केलेला डिझेलचा धूर दिला आणि त्यांच्या श्वासनलिकांत सूज मोजली. त्या संशोधनाचे प्रमुख लेखक डॉ. संदीप साळवी, नंतर आपल्या पुण्यातच दमा आणि फुप्फुसांच्या आजारांवर काम करणारे. निरोगी स्वयंसेवक होते हो ते. त्यांचं मन कशाने दुखावलं होतं?

आणि दारं-खिडक्या बंद करून लावलेली डासांची कॉइल. २००३ मधल्या एका अभ्यासानुसार एक कॉइल जळताना जेवढे सूक्ष्म कण सोडते, ते ७५ ते १३७ सिगारेटींच्या बरोबरीचे असतात. पोराला डास चावू नये म्हणून त्याच्या उशाशी आपण ती लावतो, आणि सकाळी पोर खोकलं की म्हणतो, ‘काल गार काहीतरी खाल्लं असेल.’

आता पंप.

‘पंपाची सवय लागते.’ चष्म्याची लागते का? दम्यात नलिका सुजलेल्या असतात आणि सूज उतरवायला श्वासातून घ्यायचं स्टेरॉइड हे आजही मुख्य औषध आहे. ‘स्टेरॉइड’ शब्द ऐकला की आपल्याकडे सगळे दचकतात. पण हिशेब बघा. पंपाच्या एका फवाऱ्यात साधारण २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.२ मिलिग्रॅम. दम वाढल्यावर दिली जाणारी स्टेरॉइडची गोळी रोज २०-४० मिलिग्रॅमच्या घरात. औषधं वेगळी आहेत, तुलना काटेकोर नाही, पण आकाराचा अंदाज येतो. फवारा थेट नलिकेत जातो, गोळी अंगभर फिरते. पंपाला नको म्हणणारी माणसं गोळी आणि ‘दम्याचं इंजेक्शन’ मात्र बिनतक्रार घेतात, कारण ते कुणाला दिसत नाही!

खरी गोम तिथेच आहे. पंप दिसतो. मुलीच्या पर्समध्ये पंप दिसला तर स्थळ जाईल, ही धास्ती. म्हणून पोरी मांडवात पंपाशिवाय उभ्या राहतात, होमाच्या धुरात, अगरबत्तीत, अत्तरात. सासरी गेल्यावर बाथरूममध्ये लपून फवारा घेतात, नाहीतर घेतच नाहीत. आणि आपण म्हणतो, ‘लग्नानंतर हिचा दमा वाढला, मन लागत नाही वाटतं.’

याचा हिशेब मरणात होतो. कॅनडातल्या दमेकऱ्यांच्या नोंदींवरून २००० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मागच्या वर्षात स्टेरॉइडच्या पंपाचा प्रत्येक जादा डबा वापरणाऱ्यांत दम्याने होणाऱ्या मृत्यूचा दर २१ टक्क्यांनी कमी होत गेलेला दिसला. ज्यांनी तो बंद केला, त्यांच्यात बंद केल्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत मृत्यू जास्त होते. आपल्याकडे? जागतिक आजारभाराच्या २०१९ पर्यंतच्या अंदाजानुसार भारतात सुमारे साडेतीन कोटी दमेकरी आहेत, म्हणजे जगातल्या दमेकऱ्यांपैकी १३ टक्के. पण जगातल्या दम्याच्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून जास्त आपले. आपली मनं जगापेक्षा तिप्पट कमकुवत आहेत का? की आपल्या हातात औषध तिप्पट कमी आहे?

जे घेतात त्यांतलेही बरेच नुसता निळा पंप घेतात, तातडीचा. तो स्नायू सैल करतो, दोन मिनिटांत बरं वाटतं, सूज तशीच राहते. २०१९ पासून दम्याच्या जागतिक मार्गदर्शक तत्त्वांनी मोठ्यांसाठी आणि किशोरांसाठी स्पष्ट सांगितलंय, की नुसत्या निळ्या पंपावर दमा चालवू नका, सोबत सूज उतरवणारं औषध हवंच.

आता समोरच्या बाजूचं ऐकू. ताणाने दमा वाढतो का? वाढतो. रडण्याने, हसण्याने, भीतीने झटका येऊ शकतो. मेंदूतून नलिकेकडे जाणाऱ्या नसा आहेतच. प्राणायामाने, श्वासाच्या व्यायामाने काहींना बरं वाटतं, जरूर करा. पण ताण ही काडी आहे, सूज हा गवताचा भारा. भारा तसाच ठेवून काड्या मोजत बसणं हा उपचार नव्हे. आणि कोजागिरीच्या चांदण्यातली औषधी खीर? मृगाच्या मुहूर्तावर हैदराबादला रांग लावून गिळायचा जिवंत मासा? त्याचं नावही पुढे ‘औषधा’वरून ‘प्रसादा’वर आलं, यातच काय ते समजा. खीर खा, चांदणं बघा, श्रद्धा तुमची. पंप मात्र खिशात असू द्या. वर्षातून एक रात्र उरलेल्या ३६४ रात्रींचं काम करत नाही.

या सगळ्यात मला राग कशाचा येतो? ‘मनावर असतं’ या वाक्याने सगळे मोकळे होतात. धूर करणारा मोकळा, कॉइल विकणारा मोकळा, वणवा लावणारा मोकळा, आरोग्यकेंद्रात पंप न ठेवणारी व्यवस्था मोकळी. अडकतो फक्त ज्याला श्वास येत नाही तो, आणि वर त्यानेच मन घट्ट करायचं! ब्युडेसोनाइड आणि साल्ब्युटामॉल राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. तुमच्या जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन एकदा विचारा, पंप आहे का. नसेल तर का नाही, हेही विचारा. ग्रामसभेत विचारा. देवळाच्या कळसासाठी आपण विचारतोच की.

आणि घरच्यांसाठी चार कामाच्या गोष्टी. फवारा नीट जात नसेल तर स्पेसर वापरा. विकतचा नसेल तर ५०० मिलीच्या प्लास्टिकच्या बाटलीला भोक पाडून, पंप घट्ट बसवून केलेला स्पेसरही मुलांमध्ये विकतच्याइतकाच चालला, असं १९९९ साली दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी तपासून दाखवलंय. स्टेरॉइडचा पंप घेतल्यावर चूळ भरा. डॉक्टरांना न विचारता पंप बंद करू नका, बरं वाटत असेल तेव्हा तर मुळीच नाही. आणि बोलताना वाक्य पुरं होत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, निळ्या पंपानेही फरक पडत नसेल, तर ‘मन शांत ठेव’ म्हणू नका. गाडी काढा. पौडच्या अलीकडे असाल की पलीकडे, घाटातली वेळ धरून आधीच निघा.

दमेकऱ्याला धीर द्यायचाच असेल तर एक वाक्य सुचवते, ‘मनावर असतं’पेक्षा लहान आहे आणि पाठही होईल:

"पंप घेतलास का गं?"